मार्चमध्ये अडीच लाख, एप्रिलमध्ये अडीच लाख : गुंतवणुकीतून पीआर घेण्याची पार्श्वभूमी

सोलापुरात ‘पीआर’, म्हणजे परदेशात कायम राहण्याचा परवाना, हा शब्द आधी शिकायला गेलेल्या पोरांनी आणला. पैसे गुंतवून पीआर घ्यायची चौकशी त्यानंतरची. ती टॉवेलचे कारखानदार करतात, डॉक्टर करतात, डाळिंबाचे बागायतदारही करतात.

परदेशांनी हा दरवाजा फार आधी उघडला होता. कॅनडाने १९८६ मध्ये योजना आणली, अमेरिकेने १९९० च्या कायद्यात ईबी-५ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा घातला. पण तेव्हा आपल्याकडे परकीय चलनाचा कडक फेरा कायदा होता आणि साध्या माणसाला भांडवल बाहेर नेण्याची सोय नव्हती. जून २००० मध्ये त्याच्या जागी फेमा लागू झाला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये एलआरएस आली, म्हणजे वर्षाला ठरावीक रक्कम बाहेर पाठवण्याची मुभा, माणशी २५ हजार डॉलरची. आमच्या लोकांचा इतिहास खरा तिथून सुरू होतो. २००७ मध्ये मर्यादा २ लाखांवर गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा ती ७५ हजारांवर आणली, परदेशात घर घेणेही बंद केले. पुढच्या वर्षी ते पुन्हा खुले झाले आणि २०१५ मध्ये मर्यादा अडीच लाख डॉलर झाली. ती आजही तेवढीच आहे.

अमेरिकेत ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ५ लाख डॉलर गुंतवून १० नोकऱ्या उभ्या केल्या की ईबी-५ चा अर्ज चालायचा. आपली मर्यादा आर्थिक वर्षाची. म्हणून मार्चअखेर अडीच लाख आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अडीच लाख पाठवले की एकाच माणसाच्या नावावर रक्कम पूर्ण व्हायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने रक्कम ९ लाख केली. जून २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती वाढ रद्द केली आणि मार्च २०२२ च्या नव्या कायद्याने ८ लाख ठरवले. मार्च-एप्रिलचा मेळ तेव्हापासून बसत नाही.

मग प्रत्येक जण विचारतो, घरात चार माणसे आहेत, चौघांचे मिळून दहा लाख होतात, अडचण कसली? अडचण ‘क्लबिंग’ या एका शब्दात आहे. कुटुंबाच्या मर्यादा एकत्र करता येतात, पण गुंतवणुकीत भागीदार नसलेल्याची मर्यादा वापरता येत नाही. एका निवासी भारतीयाला दुसऱ्याच्या परदेशी खात्यात डॉलर भेट देता येत नाहीत. भावाने इथे रुपयांत भेट दिली तर चालते, पण ते रुपये डॉलर होऊन जातात ते घेणाऱ्याच्याच मर्यादेतून. म्हणजे ८ लाखांसाठी एकट्याला चार आर्थिक वर्षांची मर्यादा लागते. भांडवल आडवाटेने बाहेर जाऊ नये हा हेतू मला मान्य आहे. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेड थोरल्याच्या नावावर, यंत्रे धाकट्याच्या, दुकान वहिनीच्या आणि गल्ला एकच, अशी घरे किती तरी आहेत. एकत्र धंदा करणाऱ्या कुटुंबाचा विचार या नियमात झालेला नाही, आणि तो व्हायला हवा.

पैसा आला कुठून, हे सिद्ध करणे वेगळेच. मंगळवेढ्याकडची ज्वारीची जमीन विकलेली असेल तर सातबारा, आजोबांच्या नावाची हाताने लिहिलेली फेरफार नोंद, खरेदीखत, सगळ्यांचे पानोपान इंग्रजी भाषांतर. फेरफारात ‘रामा’ आणि आधारवर ‘रामचंद्र’ असले की आधी प्रतिज्ञापत्र करायचे.

त्यात टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर. ऑक्टोबर २०२० पासून ७ लाख रुपयांवरच्या रकमेला ५ टक्के, ऑक्टोबर २०२३ पासून गुंतवणुकीसाठी २० टक्के. एप्रिल २०२५ पासून १० लाखांपर्यंत सूट आहे, तरी अडीच लाख डॉलरमागे ४० लाख रुपयांच्या आसपास रक्कम विवरणपत्र भरेपर्यंत अडकते.

दरम्यान युरोपातले दरवाजे आकसले. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये योजना बंद केली, पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग काढून टाकला, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये सगळेच थांबवले. जाहिरातीत मात्र सगळ्याला सरसकट ‘पीआर’ म्हणतात. दुबईचा गोल्डन व्हिसा १० वर्षांचा असतो आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. ईबी-५ चे ग्रीन कार्डही पहिली दोन वर्षे सशर्त असते, नोकऱ्या उभ्या राहिल्याचे दाखवल्यावर अट निघते.

पीआर घेतल्याने भारतीय पासपोर्ट जात नाही. पण तिकडे राहायला गेलेला माणूस फेमाच्या दृष्टीने अनिवासी होतो. असलेली शेती त्याला ठेवता येते, वारशाने घेता येते. नवी विकत घेता येत नाही, मग ती पीआरसाठी विकलेली मंगळवेढ्याची जमीन का असेना.