शक्तिमापक यंत्रे (पेनी आर्केडमधील)

खाचेत नाणे टाकले की मुठीचा, दंडाचा, पाठीचा किंवा फुप्फुसांचा जोर तबकडीवर दाखवणारी करमणुकीची यंत्रे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची दोन-तीन दशके अमेरिकेतील पेनी आर्केडांत (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत) आणि इंग्लंडच्या समुद्रकाठच्या करमणूक-धक्क्यांवर ती ठायी ठायी दिसत.

त्यांचे मूळ प्रयोगशाळेत आहे. फ्रेंच कारागीर एदमे रेन्ये याने १७९८ मध्ये माणसाची आणि घोड्याची ताकद मोजणारे स्प्रिंगचे उपकरण प्रसिद्ध केले. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन याने तीन पेनी घेऊन लोकांची उंची, दृष्टी, श्वास, मुठीची पकड असे बरेच काही मोजले. नऊ हजारांवर माणसे त्याच्याकडे येऊन गेली. ठोशाचा जोर मोजायला त्याने लाकडी दांडा बसवला होता. लोक तिरके ठोसे मारत आणि दांडा मोडत. मग त्याने ओकचा दांडा घातला; तोही मोडला, काहींची मनगटेही मुरगळली. पैसे देऊन स्वतःला मोजून घ्यायला माणसे खुशीने येतात, हे तिथेच दिसून आले होते. आर्केडवाल्यांनी मोजणाऱ्या माणसाच्या जागी नाण्याची खाच बसवली, एवढेच.

आतली रचना साधी असे. नाण्याच्या वजनाने अडसर सुटे, मग मूठ दाबली की जाड स्प्रिंग दबे आणि दातेरी पट्टी काटा फिरवी. काही यंत्रांत ठरावीक आकड्यावर घंटी वाजे, काहींत जिंकणाऱ्याला नाणे परत मिळे. आकडे पौंडांत छापलेले असले तरी त्यांवर फार विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. स्प्रिंग वापराने सैल पडे, आणि तिचा ताण मालकाच्या हाती. तबकडी मात्र मोठी, डोळ्यांच्या उंचीवर, मागे उभ्या असलेल्यांनाही वाचता येईल अशी. खरा माल तोच होता. एकट्याने मूठ दाबण्यात कसली मजा!

शिकागोची मिल्स नॉव्हेल्टी आणि डेट्रॉइटची केल ब्रदर्स या त्यातल्या नावाजलेल्या कंपन्या. केलचा ‘अंकल सॅम’ विशेष गाजला: अमेरिकेचे प्रतीक असलेला बोकडदाढीवाला अंकल सॅम हात पुढे करून उभा, आपण त्याच्याशी शेकहँड करायचा आणि जमेल तितका जोरात दाबायचा. याशिवाय पंजा लढवणारा यांत्रिक हात, पाठीच्या जोरावर उचलायच्या मुठी, ठोसा मारायची गादी असे प्रकार होते. फुंकर मारून फुप्फुसे आजमावण्याच्या यंत्राला सगळ्यांची तोंडे एकाच नळीला लागत. क्षयाच्या त्या काळात हे कुणी चालवून घेतले याचेच नवल. दोन मुठी धरून विजेचा झटका सोसण्याची यंत्रेही याच रांगेत ठेवलेली असत. तिथे ताकदीपेक्षा सोशिकपणाची परीक्षा.

जत्रेतला हातोडा मारून घंटी वाजवायचा खांब हा यांचा भाऊबंद, पण तो नाण्यावर चालत नाही. तिथे खेळ चालवणारा माणूस उभा असतो, आणि खांबावरची सोंगटी जिच्यावरून सरकते ती तार हळूच सैल सोडून तो पैलवानालाही हरवू शकतो.

आपल्याकडच्या रेल्वे फलाटांवर नाणे टाकून वजन आणि भविष्य छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट देणारा काटा याच गोतावळ्यातला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पियर ४५ वरील म्युझे मेकानिक या संग्रहालयात अशी जुनी यंत्रे आजही नाणे टाकून चालवता येतात. पंजा लढवणारा हातही तिथे आहे.