पार्श्वभूमी : ‘डोनेशन’ या शब्दाने अडवलेली देणगी

पवईच्या तंत्रज्ञान संस्थेकडे, म्हणजे आयआयटी मुंबईकडे, २०२३ साली सहा महिन्यांत तीन मोठ्या रकमा आल्या. १९७३ साली प्रवेश घेतलेल्या एका माजी विद्यार्थ्याने जूनमध्ये ३१५ कोटी रुपये दिले. त्याने आधी दिलेले ८५ कोटी धरले तर एकूण ४०० कोटी होतात. ऑगस्टमध्ये आणखी एकाने हरित ऊर्जेच्या संशोधन केंद्रासाठी १६० कोटी दिले, नाव जाहीर करायचे नाही या अटीवर. वर्ष संपताना १९९८च्या तुकडीने रौप्यमहोत्सवी मेळाव्यात ५७ कोटी जमवले. तेव्हापासून दादर, माटुंगा, गिरगावातल्या साध्या पदवी महाविद्यालयांनाही एकच प्रश्न विचारला जातो : तुमचे माजी विद्यार्थी का देत नाहीत?

हा प्रश्न अन्यायाचा आहे, आणि त्याची मुळे शोधायला फार मागे जावे लागत नाही. तरी थोडे मागे जाऊ. मुंबईत माणूस ‘माझं कॉलेज’ म्हणतो, ‘माझं विद्यापीठ’ सहसा म्हणत नाही. १८५७ साली लंडनच्या धर्तीवर विद्यापीठ उभे राहिले ते परीक्षा घेण्यासाठी आणि पदव्या देण्यासाठी. शिकवायचे काम कॉलेजांचे होते, त्यामुळे जीवही कॉलेजातच गुंतला. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. या दोघांनी पुढे आपल्याच कॉलेजात शिकवले आणि भांडारकर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पदवीधराची परतफेड ही अशी होती, वर्गात उभे राहून केलेली. पैसा शेटजींचा असे. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला तो कापसाच्या तेजीत कमावलेल्या एका व्यापाऱ्याच्या देणगीतून. त्याने मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले आणि काम १८७८ साली पुरे झाले. शेजारचे दीक्षान्त सभागृहही एका पारशी दात्याच्या पैशाचे.

पुढची शंभर वर्षे इथे ओलांडून जातो, कारण खरी गाठ १९८३ साली पडली. त्या वर्षी राज्याने खासगी संस्थांना विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये काढायची मुभा दिली. त्याआधी मराठी मुले प्रवेशासाठी कर्नाटकात जात आणि तिथे भरमसाट पैसे मोजत. ते पैसे आणि ती मुले महाराष्ट्रातच राहावीत, हा निर्णयामागचा युक्तिवाद होता. तो अगदीच खोटा नव्हता. गावोगावी अभियंते झाले ते त्या निर्णयामुळेच, हे मान्य करायला हवे. पण प्रवेशासाठी उकळलेल्या रकमेला काय म्हणायचे, हा प्रश्न आला तेव्हा सर्वांनी मिळून एक चांगला शब्द उचलला : डोनेशन.

शब्दाचे नुकसान इथून सुरू झाले. बघता बघता तो अभियांत्रिकीपुरता राहिला नाही. मुंबईत ज्युनियर केजीच्या प्रवेशालाही ‘डोनेशन किती?’ हाच पहिला प्रश्न झाला. पावती मिळालीच तर ती ‘इमारत निधी’ची. घरातले दागिने मोडून भरलेल्या रकमेवर ‘स्वेच्छा देणगी’ असा शिक्का बसायचा आणि बापाला खाली सही करावी लागायची. ज्या पिढीने ते पाहिले, तिला ‘कॉलेजला डोनेशन दे’ हे वाक्य दानाचे वाटतच नाही, वसुलीचे वाटते.

मग १९८७चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आला. ठरलेल्या शुल्काहून जास्त घेतलेली रक्कम, तिला नाव काहीही द्या, बेकायदा. लोकांना कायद्याचा एवढाच भाग ठाऊक आहे. त्याच कायद्यात सदिच्छेने आलेल्या देणगीला मोकळीक ठेवलेली आहे, हे फार थोड्यांनी वाचले. शिष्यवृत्त्या, पारितोषिके अशा कारणांच्या कायम निधीसाठी व्यवस्थापनाने देणगी घ्यावी, फक्त तिच्या बदल्यात जागा राखून ठेवू नये, असा तिचा आशय. माझ्या मते सगळा इतिहास या एका वाक्यापाशी अडला. वाक्य सरळ होते, पण ते वापरायची हिंमत प्रामाणिक संस्थांना झाली नाही. ज्यांना उकळायचेच होते, ते कायद्यानंतरही रोखीने उकळत राहिले. ज्यांचे हात स्वच्छ होते, त्यांनी मात्र आळ येईल या धास्तीने माजी विद्यार्थ्यांकडेही मागणे सोडून दिले. शुल्काचा वाद १९९३ आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या निकालांपर्यंत गेला, पण डागाळलेला शब्द कोणत्याही निकालाने धुतला गेला नाही.

एका माजी विद्यार्थी संघाचे हिशेब मी काही वर्षे लिहीत होतो. तिथले पावतीपुस्तक अजून डोळ्यांसमोर आहे : पिवळट कागद, मध्ये कार्बन, छापील ओळ ‘देणगी / डोनेशन’. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पाच हजारांचा चेक घेऊन आले. पावती हातात घेतली, वाचली आणि परत टेबलावर ठेवली. ‘हा शब्द खोडा. मुलाच्या वेळी भरलंय मी डोनेशन. हे ते नाही.’ मी तो शब्द खोडला, वर ‘गरजू विद्यार्थी निधी’ लिहिले आणि बाजूला सही केली. मग ते बसले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या जुन्या वर्गाची चौकशी करू लागले.

गेल्या काही वर्षांत चित्र बदलले ते बाहेरच्या दट्ट्याने. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे का आणि पाच वर्षांत त्याने किती लाख दिले, हे विचारले जाऊ लागले. तेव्हा कपाटात पडून राहिलेले संघ धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे धावले. करसवलतीचे नियमही कडक झाले. २०१७पासून दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली, वजावट मिळत नाही. २०२१-२२पासून संस्थेला प्रत्येक दात्याची माहिती १०बीडी अर्जात भरावी लागू लागली आणि दात्याच्या हाती १०बीई प्रमाणपत्र द्यावे लागू लागले. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला ती वजावटच नाही. म्हणजे आज जो पाच हजार देतो, तो बहुधा सवलतीसाठी देत नाही, हे संस्थांनी लक्षात घ्यावे.

परदेशी गेलेल्यांची अडचण आणखी वेगळी. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून पाठवलेला पैसा विदेशी योगदान ठरत नाही. त्याच बाकावर बसलेल्या मित्राने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर त्याचा पैसा ठरतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. शिवाय २०२०च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. मोठ्या संस्थांकडे हे सांभाळायला स्वतंत्र विभाग आणि अमेरिकेत नोंदवलेली प्रतिष्ठाने असतात. गिरगावातल्या कॉलेजात हे काम लेखा विभागातला एकच कारकून परीक्षांची बिले काढता काढता करतो. न्यू जर्सीहून ‘खाते क्रमांक पाठवा’ अशी ईमेल आली की ती त्याच्याच टेबलावर येते, आणि ‘सध्या स्वीकारता येत नाही’ हे उत्तरही त्यालाच लिहावे लागते.