दगडावर ज्यांचं नाव नाही

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात पूर्वजांचा माग काढायला निघालेला माणूस आधी चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत शिरतो आणि बहुतेक वेळा तासाभरात हिरमुसतो. आडनाव सापडत नाही. सापडलंच तर गाडी दोन-चार पिढ्यांपलीकडे सरकत नाही. कारण तिथे जितके दगड आहेत त्याच्या कितीतरी पट माणसं पुरलेली आहेत. शतकानुशतकं त्याच एकरभर जमिनीत दफन होत आलं, जुन्या हाडांवर नवं प्रेत ठेवलं गेलं. अनेक जुन्या चर्चभोवतीची जमीन बाहेरच्या वाटेपेक्षा उंच दिसते ती त्यामुळेच.

साध्या माणसासाठी कोरीव दगड उभारायची पद्धत रुजली सतराव्या शतकात. त्याआधी बडी मंडळी चर्चच्या आत, फरशीखाली. बाकीच्यांच्या वाट्याला लाकडी फळी, नाहीतर नुसता मातीचा उंचवटा. मजुरांच्या घरांना एकोणिसाव्या शतकातही दगड परवडत नव्हता. शिवाय दगड कुठला, यावरही नशीब अवलंबून. लेस्टरशायरमधल्या स्विदलंडच्या पाटीच्या दगडावरचं अडीचशे वर्षांपूर्वीचं अक्षर काल कोरल्यासारखं वाचता येतं, तर वालुकाश्माचा पापुद्रा नावासकट गळून पडतो. पुसट दगड घासायचा मात्र नाही. बाजूने टॉर्चचा तिरपा झोत टाकला की खाचांत सावली भरते आणि नावापुढचा ‘रेलिक्ट’ हा शब्द वर येतो. म्हणजे विधवा. नवरा आधी गेला, एवढं त्या एका शब्दात कळलं.

पुढचा माग वहीत. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा कारभारी थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद दर रविवारी व्हावी, आणि वही कुलूपबंद पेटीत राहावी. लोकांना वाटलं, हा नव्या कराचा डाव. त्या वेळी तसं काही झालं नाही. पण १७८३ मध्ये सरकारने खरोखरच दर नोंदीला तीन पेन्स मुद्रांक शुल्क लावलं! गरिबांना माफी होती. त्यामुळे त्या वर्षांच्या वहीत समासात ‘पी’, म्हणजे पॉपर (कंगाल), असं दिसलं तर जपून अर्थ लावावा. शुल्क चुकवण्यासाठीही माणसं गरीब होत. १७९४ मध्ये ते रद्द झालं.

मूळच्या वह्या बऱ्याचशा कागदी होत्या आणि टिकल्या नाहीत. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवायचा आदेश निघाला, पण निदान पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून तरी उतरवा, असं म्हटल्यावर अनेकांनी तेवढंच केलं. कित्येक गावांच्या वह्या १५५८ पासून सुरू होतात त्या यामुळे.

नवख्याला सगळ्यात जास्त चकवते ती तारीख. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागे. एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा जून १७४० मध्ये आणि दफन फेब्रुवारी १७४० मध्ये लिहिलेलं दिसतं. मूल जन्माआधी गेलं नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७४१ चा.

दफनाच्या नोंदीपुढे कधी ‘अफिडेव्हिट’ असंही लिहिलेलं असतं. लोकरीच्या धंद्याला हात देण्यासाठी १६६६ आणि १६७८ च्या कायद्यांनी प्रेत लोकरी कापडातच गुंडाळायची सक्ती केली, आणि तसं केल्याचं शपथपत्र लागे. न पाळल्यास दंड पाच पौंड. ज्यांना लिननचंच कफन हवं होतं ते श्रीमंत दंड भरून मोकळे होत, म्हणजे ही दंडाची नोंदसुद्धा घराण्याची ऐपत सांगून जाते.

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. त्याच्या मागे जायचं तर पॅरिशच्या वहीला पर्याय नाही. शंभर वर्षांहून जुन्या वह्या आता बहुतेक काउंटीच्या अभिलेखागारात असतात. त्यातली १८१३ नंतरची दफनाची पानं छापील आहेत. रकाने सुटसुटीत: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय, विधी करणाऱ्याची सही. आवारात नेमकं कुठे पुरलं, त्याला रकाना नाही.