शेवटचे अडीच मीटर

२८ ऑक्टोबर १९६५ च्या सकाळी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात अग्निशमन दलाचं पाणी चालू होतं, आणि आग कुठेच लागली नव्हती. मिसिसिपी नदीच्या काठावर पोलादाचे दोन प्रचंड पाय एकमेकांकडे झुकत सहाशे फुटांच्या वर पोचले होते. त्यांच्या टोकांमध्ये जेमतेम अडीच फुटांची फट होती आणि तिच्यात शेवटचा तुकडा बसवायचा होता. ऊन मात्र दक्षिणेकडच्या पायावर येऊन ठेपलं होतं. तापलेलं पोलाद फुगतं, म्हणून त्या पायावर वरून पाण्याचे लोट सोडून तो गार ठेवायची धडपड चालली होती.

ही सेंट लुईसची गेटवे आर्च. उंची ६३० फूट, म्हणजे १९२ मीटर, आणि पायथ्याशी रुंदीही अगदी तेवढीच. पाहताना ती रुंदीपेक्षा उंच वाटते, कारण आपला डोळा उभ्या अंतराला झुकतं माप देतो. स्मारक म्हणून बांधलेली याहून उंच कमान जगात नाही. तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण तिच्या देखण्या वक्राविषयी लिहितात, आणि तो आहेच देखणा. मला मात्र ती अपुरी असतानाचा काळ जास्त थरारक वाटतो. कारण कमान पुरी होईपर्यंत ती कमान नसतेच. कमानीचं सगळं बळ दोन बाजूंनी एकमेकींना दिलेल्या रेट्यात असतं, आणि रेटायला समोर कुणी नसेल तर उरतात ते नुसते दोन कललेले मनोरे. पडण्याकडेच त्यांचा कल.

आधी वक्र कुठून आला ते पाहू. गळ्यातली साखळी काढून तिची दोन टोकं दोन हातांत धरा आणि मधला भाग सैल लोंबू द्या. साखळीला ताठरपणा नाही, त्यामुळे तिला वाकवणारा जोर ती सोसूच शकत नाही. तिच्या प्रत्येक कडीला फक्त ओढ जाणवते, तीही साखळीच्याच दिशेनं. आता हाच आकार मनातल्या मनात थिजवून उलटा करा. जिथे ओढ होती तिथे तेवढाच दाब आला. दगड, विटा, काँक्रीट या गोष्टी दाब छान सोसतात, ओढ सोसत नाहीत. म्हणजे साखळीनं फुकटात काढून दिलेला हा आकार कमानीसाठी सर्वांत किफायतशीर ठरतो: तिच्या स्वतःच्या वजनानं तिच्यात वाक येत नाही, सगळं वजन कमानीच्या अंगातून जमिनीत उतरतं.

हे प्रथम नेमकेपणानं सांगितलं इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं, १६७५ मध्ये. सांगितलं म्हणजे लपवलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यानं ते लॅटिन वाक्य अक्षरांची उलटापालट करून छापलं. शोधाचा मान आपल्याकडे राहावा आणि शोध दुसऱ्याला कळू नये, अशी दुहेरी सोय. वाक्याची उकल छापली गेली ती त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ मध्ये. साखळीच्या वक्राचं समीकरण मात्र हूकला सापडलं नव्हतं. गॅलिलिओनं तो वक्र जवळजवळ पॅराबोला, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा, असल्याचं म्हटलं होतं. १६९० मध्ये याकोब बर्नुली यानं हा प्रश्न जाहीर आव्हान म्हणून मांडला आणि पुढच्याच वर्षी लायब्निझ, हायगेन्स आणि याकोबचा धाकटा भाऊ योहान या तिघांनी आपापल्या वाटेनं तो सोडवला. कॅटेनरी म्हणतात तो हाच वक्र.

सेंट लुईसची कमान कॅटेनरी आहे असं सर्रास लिहिलं जातं. ते पुरतं खरं नाही. वास्तुरचनाकार एरो सारिनेन याला शुद्ध कॅटेनरी डोक्याशी जरा टोकदार वाटत होती. त्याला खांदे थोडे भरलेले हवे होते. हान्सकार्ल बान्डेल या अभियंत्यानं त्यावर तोडगा काढला: सगळ्या कड्या सारख्या वजनाच्या कशाला हव्यात? टोकांकडच्या कड्या जड आणि मधल्या हलक्या घेतल्या, तर साखळीचा मधला भाग कमी वळतो आणि वळण कडेला सरकतं. उलटी केल्यावर माथा पसरट दिसतो. यात नुसता सौंदर्याचा हट्ट नव्हता. या कमानीचे पाय खाली जाड आणि वर निमुळते आहेत, म्हणजे तिचं वजनही खाली जास्त, वर कमी. त्यामुळे जड-हलक्या कड्यांची साखळीच तिला शोभते. कमानीचा छेद समभुज त्रिकोणाचा आहे. पायथ्याशी त्याची बाजू ५४ फूट आणि माथ्यावर अवघी १७ फूट.

सारिनेनला हे काम मिळालं त्याची गंमत वेगळीच. १९४७-४८ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विस्ताराच्या स्मारकासाठी खुली स्पर्धा झाली, १७२ प्रवेशिका आल्या. एरोचे वडील एलिएल हेही नामांकित वास्तुरचनाकार, त्यांनीही आपला आराखडा पाठवला होता. निवडीची तार आली ती वडिलांच्या नावावर. घरात शॅम्पेन फुटली आणि मग चूक कळली. तार मुलासाठी होती. पुढे पैशांच्या आणि रेल्वेमार्ग हलवण्याच्या घोळात काम इतकं लांबलं, की पोलादाचा पहिला तुकडा बसला १९६३ च्या फेब्रुवारीत. एरो त्याआधीच, १९६१ मध्ये, मेंदूतल्या गाठीनं गेला होता. वय ५१.

आता बांधकाम. या कमानीच्या आत सांगाडा नाही. तिची कातडीच तिचा सांगाडा आहे. बाहेरून पाव इंच जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा, आतून त्याहून जाड साध्या पोलादाचा, आणि दोहोंमध्ये पोकळी. तळाशी ही पोकळी तीन फुटांची, वरच्या भागात आठ इंचांहून कमी. तीनशे फुटांपर्यंत या पोकळीत काँक्रीट ओतलं आहे, त्याच्या वर ती रिकामी. असे त्रिकोणी तुकडे एकूण १४२, जमिनीवर जोडायचे, वर न्यायचे, खालच्या तुकड्यावर बसवून वेल्ड करायचे. पहिले काही तुकडे जमिनीवरच्या क्रेननं चढवले. पुढे प्रत्येक पायाच्या पाठीवर रूळ बसवले आणि क्रेनच त्या रुळांवरून वर सरपटत नेली. पाय जसजसा वाढेल तसतशी क्रेनही चढायची.

आता त्या कललेल्या मनोऱ्याकडे पाहा. तो आत, म्हणजे समोरच्या पायाकडे झुकलेला आहे आणि वर क्रेनचं वजन आहे. साहजिकच त्याच्या पोटाकडे दाब येतो आणि पाठ ताणली जाते. हूकचं सुंदर वाक्य इथे काहीही कामाचं नाही. ताण आलाच, आणि काँक्रीट ताणाला चिरतं. उपाय असा केला की पाठीच्या बाजूला काँक्रीटमध्ये भक्कम पोलादी सळया घालून त्या आधीच जोरानं खेचून अडकवल्या. सळया आखडू पाहतात आणि काँक्रीटला आवळून धरतात. मग पाय कितीही झुकला तरी तो ताण आधी ही आवळण संपवण्यातच खर्ची पडतो. पुरी झालेली कमान स्वतःच्या वजनानं दाबाखालीच असते. तेव्हा या सळयांची खरी कसोटी कमान अपुरी असतानाच लागली. याच जोरावर आणि जमिनीत साठ फूट खोल गेलेल्या पायाभरणीवर दोन्ही पाय कसल्याही टेकूशिवाय ५३० फुटांपर्यंत गेले. तिथे मात्र दोहोंमध्ये एक आडवी पोलादी कैची (ट्रस) अडकवावी लागली, म्हणजे तिथून पुढे ते एकमेकांच्या आधारानं उभे राहतील.

दोन्ही पाय वेगवेगळे वाढत होते आणि आकाशात एका ठरलेल्या जागी त्यांची टोकं जुळायला हवी होती. पायथ्याशी चुकीला मुभा होती इंचाच्या चौसष्टाव्या भागाची, म्हणजे ०.४ मिलिमीटर. एवढी बारीक मोजणी दिवसा करून भागत नव्हतं. पोलाद दर अंश सेल्सिअसला, दर मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. हा आकडा नगण्य वाटतो, पण एकेक पाय सव्वादोनशे मीटर लांब. दहा अंशांचा फरक पडला की लांबीत २७ मिलिमीटरचा फरक. शिवाय ऊन एकाच अंगावर पडतं, तेवढंच अंग वाढतं आणि अख्खा पाय सूर्याकडे पाठ करून किंचित वाकतो. त्यामुळे सर्व्हेअर मंडळी रात्री काम करत. पोलादाचं तापमान सगळीकडून सारखं झालं, की दुर्बिणी लावायच्या आणि नोंदी घ्यायच्या.

म्हणून त्या ऑक्टोबरच्या सकाळी पाण्याचे लोट. पण थंडावा देऊन भागणार नव्हतं. फट अडीच फुटांची आणि तुकडा आठ फुटांहून मोठा, म्हणजे जवळजवळ अडीच मीटरचा. टोकं स्वतःच्या भारानं आत झुकून जवळ आलेली होती. त्यामुळे हायड्रॉलिक जॅक लावून, साडेचारशे टनांच्या आसपास जोर देऊन, दोन्ही पाय एकमेकांपासून सहा फूट दूर रेटले. १९२ मीटर उंचीवर. मग तुकडा आत सरकवला आणि जॅकचा जोर उतरवला. पाय पुन्हा एकमेकांकडे झुकले आणि या वेळी त्यांना मधे काहीतरी सापडलं. तो रेटा, जो अडीच वर्षं सळया आणि शेवटी कैची पेलत होती, आता कमानीनं स्वतः उचलला. उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री हे सगळं हेलिकॉप्टरमधून पाहत होते.

अशीच घडी आपल्याकडेही आली. जम्मूजवळ चिनाब नदीवरच्या रेल्वे पुलाची ४६७ मीटरची पोलादी कमान दोन्ही डोंगरांकडून वाढवत आणली आणि ५ एप्रिल २०२१ रोजी मधोमध जोडली. काम सांभाळलं ते नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वेनं. तिथे अर्धवट बाहू मागच्या डोंगरकड्यांना पोलादी दोरांनी बांधून ठेवता आले. सेंट लुईसच्या सपाट नदीकाठावर मागे बांधायला डोंगर कुठला!

विमा कंपनीच्या हिशेबानं सेंट लुईसच्या कामात १३ माणसं मरणार होती. एकही मेलं नाही. दुसरा हिशेब तितका सुखाचा नाही. या जागेसाठी जुन्या नदीकाठावरचे इमारतींचे चाळीस ब्लॉक पाडले गेले, आणि कमान उभी राहत असताना कुशल कामांवर कृष्णवर्णीय कामगार नव्हते. १४ जुलै १९६४ रोजी पर्सी ग्रीन आणि रिचर्ड डेली हे दोन कार्यकर्ते निषेध म्हणून अर्धवट पायाच्या शिडीवरून १२५ फूट चढले आणि काही तास खाली उतरलेच नाहीत. कमानीच्या गौरवकथांत हा प्रसंग बऱ्याचदा गाळला जातो. माझ्या मते तो बांधकामाच्या इतिहासाचाच भाग आहे.

पर्यटकांना कमानीच्या आतून माथ्यावर जायला साधी लिफ्ट चालणार नव्हती, कारण वाट वाकडी. डिक बाउझर या महाविद्यालय अर्ध्यावर सोडलेल्या तंत्रज्ञाला त्यावर उपाय शोधायला दोन आठवडे मिळाले. त्यानं लिफ्ट आणि जत्रेतला आकाशपाळणा यांची सांगड घातली. पाच-पाच माणसांचे आठ गोल डबे एकापाठोपाठ जोडलेले. वाट जशी वळेल तसा प्रत्येक डबा कड-कड आवाज करत थोडा फिरतो आणि बसणारा सरळ राहतो. दार इतकं बुटकं, की उंच माणसाला कमरेतच वाकावं लागतं. वर जायला चार मिनिटं, उतरायला तीन. १९६७ पासून ही गाडी चालू आहे. वादळी वाऱ्यात माथा ४६ सेंटिमीटरपर्यंत हलला तरी चालेल असा आराखडा आहे. एरवी ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यातही तो कडेला चार सेंटिमीटरच जातो.

कमानीच्या पायथ्याचं एक दुखणं मात्र अनेक वर्षं तसंच राहिलं. तिच्या उभारणीच्याच काळात शहर आणि नदीकाठ यांच्या मधून आंतरराज्य महामार्ग खंदकातून नेला गेला. पश्चिमेच्या वाटेचं प्रवेशद्वार म्हणून उभारलेल्या कमानीकडे तिच्याच शहरातून चालत जायचं, तर मोटारींच्या गोंगाटावरून पूल ओलांडत जावं लागे. शेवटी खंदकावर एक भलामोठा सपाट पूल टाकून त्यावर माती आणि हिरवळ पसरली आणि न्यायालयाच्या जुन्या इमारतीपासून कमानीपर्यंत सलग बाग झाली. भौतिकशास्त्र इथे नेमकं उलटं चालतं. सपाट छत वजनाखाली वाकतं, त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. त्याला प्रत्येक मीटरला पोलादाचा आधार लागतो. त्या पातळ, पसरट पुलाकडे कुणी कॅमेरा रोखत नाही. कमान बांधायला १ कोटी ३० लाख डॉलर लागले होते. संग्रहालय, बाग आणि हा पूल धरून २०१८ मध्ये पुऱ्या झालेल्या नूतनीकरणाला लागले ३८ कोटी. महागाई वजा करूनही दुसरा आकडा बराच मोठा उरतो, आणि त्यातला काही भाग तरी पन्नास वर्षांपूर्वी नकाशावर एक रेघ इकडेतिकडे केली असती तर वाचला असता.