दाढीची निळाई आणि रविवारचं नेलपेंट

पहिल्यांदा फाउंडेशन लावलं ते बाथरूममधल्या पिवळ्या बल्बखाली. आरशात बघून समाधान वाटलं. दाढीची झाक गेली होती, ओठ लाल, डोळ्यांत काजळ. मग बाल्कनीच्या दारापाशी उभं राहून मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघितलं, तर हनुवटीपासून कानापर्यंत राख फासल्यासारखा पट्टा. मी घाईघाईने आणखी एक थर चढवला. राख आणखी दाट झाली.

मी रसायनशास्त्र शिकवून पोट भरतो. तरीही हे असं का होतंय हे कळायला मला दोन रविवार लागले, हे कबूल करतो. सुट्टीच्या दिवशी दार लावून साडी नेसणारे, ड्रेस घालून बघणारे पुरुष माझ्यासारखे बरेच असतात. त्याला आता क्रॉसड्रेसिंग म्हणतात. बहुतेकांचा पहिला मेकअप याच राखेवर अडकतो. चूक हाताची नसते, प्रकाशाचा हिशेब चुकलेला असतो.

ताजी दाढी केलेला गाल निळसर का दिसतो, तिथून सुरुवात करू. वस्तरा केस कापतो तो त्वचेच्या पातळीवर. केसाचा काळा खुंट आत तसाच असतो. त्वचा अर्धपारदर्शक आहे. तिच्यावर पडलेला निळा प्रकाश फार आत जात नाही, वरच्या वरच विखरून परत येतो. लाल प्रकाश जास्त खोल जातो आणि तिथे त्याला हे काळे खुंट भेटतात. ते त्याला गिळून टाकतात. म्हणजे परत येणाऱ्या प्रकाशात लाल कमी पडतो आणि निळ्याचं प्रमाण वाढतं. हातावरच्या शिरा निळ्या दिसतात त्यामागेही बराचसा हाच खेळ आहे, रक्त काही निळं नसतं. आपल्या सावळ्या, पिवळसर झाक असलेल्या कातडीवर ही निळाई मिसळली की रंग उतरतो करडा-हिरवट.

आता यावर गोरट्या छटेचं फाउंडेशन लावलं तर? काळ्या तव्यावर पातळ ताक सांडलं की कडेला ते निळसर दिसतं, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही माहीत आहे. पांढऱ्या बारीक कणांचा पातळ थर गडद पृष्ठभागावर असला की तो निळा प्रकाश जास्त विखुरतो. फाउंडेशनमधला पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाशाला किती वाकवतो ते सांगणारा आकडा, २.७ च्या आसपास, तेलाचा साधारण १.४५. या तफावतीमुळे तो प्रकाश जोरात विखुरतो, म्हणून तर झाकण्याच्या कामी येतो. पण दाढीच्या काळ्या खुंटांवर तो ताकासारखाच वागतो. मी वर आणखी थर देत होतो, म्हणजे निळाईवर निळाई ओतत होतो.

आणि बाथरूममध्ये हे का दिसलं नाही? पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग मुळातच थोडा असतो. जो रंग उजेडातच नाही तो चेहऱ्यावरून परत कुठून येणार? तेव्हा मेकअप करावा खिडकीपाशी, सूर्यप्रकाश थेट अंगावर येणार नाही असं बसून.

उपाय सोपा आहे आणि तो फाउंडेशनच्या आधी करायचा असतो. हरवलेला लाल परत आणायचा. नारिंगी रंग निळा प्रकाश शोषतो आणि तांबडा-पिवळा परत पाठवतो. दाढीच्या भागावर नारिंगी करेक्टरचा, म्हणजे फाउंडेशनखाली लावायच्या रंगीत क्रीमचा, अगदी पातळ हात दिला की करडेपणा उतरतो. गोऱ्या कातडीला पीच रंग पुरतो, गव्हाळ वर्णाला नारिंगी, आणखी सावळ्या वर्णाला विटकरीकडे झुकणारा. दुकानात करेक्टर मागायची लाज वाटत असेल तर नारिंगी-विटकरी लिपस्टिक बोटाच्या टोकावर घेऊन थापटली तरी भागतं. मी पहिले सहा महिने तेच केलं, ‘बायकोसाठी’ म्हणून लिपस्टिक घेणं सोपं जातं. फक्त लिपस्टिकमध्ये मेण आणि एरंडेल असतं, ती घसरते, म्हणून तिच्यावर पावडर दाबावी लागते.

दाबावी हा शब्द महत्त्वाचा. घासायची नाही. घासलं की खालचा नारिंगी वरच्या फाउंडेशनमध्ये कालवला जातो आणि गालावर गाजराचा हलवा तयार होतो. नारिंगी थापटा, पावडर दाबा, मग स्वतःच्या मानेच्या रंगाचं फाउंडेशन ओलसर स्पंजने थापटा, पुन्हा पावडर. मानेचा रंग म्हटलं, चेहऱ्याचा नव्हे. पुरुषांचा चेहरा सहसा मानेपेक्षा जास्त रापलेला असतो. फाउंडेशनला ही सावळी-गव्हाळ छटा कशाने येते? लोहाच्या ऑक्साइडांनी: पिवळा, तांबडा आणि काळा. यातला तांबडा म्हणजे आपला गेरूच, कुंडीला आणि अंगणाला लावतो त्याचाच शुद्ध, बारीक दळलेला भाऊ.

दाढी मात्र नीट झालेली हवी. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात, कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजले की मऊ पडतात. केसांच्या दिशेने वस्तरा फिरवावा. उलटा फिरवून फार खोल कापलं तर केसाचं टोक त्वचेखाली जातं, तिथेच वळतं आणि फोड येतात. वस्तऱ्याबरोबर त्वचेचा वरचा मृत थरही थोडा खरवडला जातो, म्हणून लगेच काही लावलं की चुरचुरतं. वीसेक मिनिटं थांबून मॉइश्चरायझर, मग पुढचं. पण सकाळी दाढी आणि संध्याकाळी मेकअप असंही करू नये. दाढीचा केस दिवसाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो, आठ तासांत मिलिमीटरचा दहावा भाग. आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढं टोक बाहेर आलं की फाउंडेशन त्याच्याभोवती गोळा होतं आणि गाल किसणीसारखा दिसतो.

इथपर्यंत झाकण्याचं झालं. नवख्या माणसाचा सगळा जीव झाकण्यातच अडकलेला असतो आणि माझ्या मते चूक तिथेच होते. चेहरा बायकी वाटतो तो मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीने. रिचर्ड रसेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००९ साली एक साधी गंमत दाखवली. पुरुषाचाही वाटेल आणि बाईचाही वाटेल असा एकच चेहरा घेतला आणि त्याच्या दोन प्रती केल्या. एकीत डोळे-ओठ आणि भोवतालची त्वचा यांच्यातला गडद-फिक्याचा फरक वाढवला, दुसरीत कमी केला. फरक जास्त असलेला चेहरा बघणाऱ्यांना बाईचा वाटला, कमी असलेला पुरुषाचा. नाक तेच, जबडा तोच. प्रत्यक्ष चेहरे मोजले तेव्हाही स्त्रियांमध्ये हा फरक सरासरीने जास्त निघाला. काजळ आणि लिपस्टिक नेमकं तेच वाढवतात.

यातून कोणी असा अर्थ काढेल की मग चेहरा पांढराफटक करावा. हा आपला जुना रोग. युरोपात शतकानुशतकं लोक शिशाचा सफेदा फासून गोरे होत आणि आजारी पडत. फरकच वाढवायचा तर त्वचा आहे तशी राहू द्या, ओठ दोन छटा गडद करा, पापण्यांच्या मुळाशी काळी रेघ द्या. रुंद जबड्यापेक्षा बघणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते. गडद पावडरीने जबडा ‘कोरण्याची’ कसरत पहिल्या वर्षी करूच नये. नवख्या हाताने ती मळल्यासारखी दिसते.

दोन सावधगिऱ्या. बाजारात सुट्ट्या मिळणाऱ्या पारंपरिक सुरम्यात शिशाचं सल्फाइड असू शकतं, तो डोळ्यांत घालू नका. आणि टिकली. काही टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं की रोज त्याच जागी लावल्यावर कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. त्वचेचे डॉक्टर भारतीय बायकांमध्ये हे कित्येक वर्षं बघत आलेत. खाज आली की तिथेच थांबायचं.

नेलपेंटकडे येण्याआधी थोडं आडवळण. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामती झाले होते अण्णा साळुंके. स्त्रीभूमिकेसाठी मिशी उतरवायला नटांना राजी करणं फाळक्यांना जड गेलं, असं सांगतात. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. त्याच काळात बालगंधर्वांच्या नेसण्याची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. पुरुषाने बाईच्या रूपात उभं राहणं मराठी माणसाला नवं नाही, फक्त तेव्हा त्याला तिकीट होतं. पण मला सांगायचं आहे ते फिल्मबद्दल. त्या काळी चित्रपटाची फिल्म असायची नायट्रोसेल्युलोजची. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून मिळणारा हा पदार्थ, बंदुकीच्या दारूचा जवळचा नातलग. तारामती झालेल्या साळुंक्यांची छबी ज्या पदार्थाच्या पट्टीवर उमटली, तोच पदार्थ आज आपल्या नखांवर चमकतो.

नेलपेंटच्या बाटलीत नायट्रोसेल्युलोज, त्याला लवचीक ठेवणारं एखादं द्रव्य, चिकटपणासाठी राळ आणि रंग असतो. बाकी बराचसा भाग इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेटचा, म्हणजे उडून जाणारा. वाळणं म्हणजे हे द्रावक उडून मागे पापुद्रा राहणं, बस्स. म्हणून जाड थर हा नेलपेंटचा शत्रू. वरचा पृष्ठभाग आधी वाळतो आणि झाकणासारखा बसतो, खालचं द्रावक कोंडतं. बोटाला कोरडं लागतं, रात्री झोपतो आणि सकाळी दहाही नखांवर चादरीच्या विणीचा ठसा. माझ्या अंगठ्यावर एकदा सोलापुरी चादरीची अख्खी नक्षी छापली गेली होती. दोन-तीन पातळ हात, मध्ये दोन-तीन मिनिटं. पंखा फुल ठेवू नका, साय लवकर धरते. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवल्याने पापुद्रा तेवढ्यापुरता कडक होतो, आतलं द्रावक काही पाण्यात पळून जात नाही.

लावण्याआधी हात पाण्यात भिजवू नये. नखाचं केराटिन पाणी पितं, फुगतं, नंतर आकसतं आणि वरचा पापुद्रा तडकतो. कोरड्या नखावरून रिमूव्हरचा बोळा फिरवला की तेल निघतं, रंग नीट धरतो. खाली पारदर्शक बेस कोट द्यावा, नाहीतर लाल रंग नखात मुरून पिवळेपणा राहतो. बाटली खळखळून हलवली की बुडबुडे. तळहातांत लाटण्यासारखी फिरवावी. घट्ट झालेल्या नेलपेंटमध्ये रिमूव्हर ओतण्याची युक्ती फसवी आहे, त्यात पाणी आणि तेल असतं. थिनर वेगळा मिळतो.

पुरुषांची नखं रुंद दिसतात ही नेहमीची तक्रार. रंग नखाच्या दोन्ही कडांपर्यंत नेऊ नका. दोन्ही बाजूंना केसाएवढी फट सोडा. डोळा रंगलेला पट्टाच नख म्हणून मोजतो आणि नख निमुळतं वाटतं. आधी मधला पट्टा, मग डावा, उजवा. उजव्या हाताने डावा रंगतो, डाव्या हाताने उजवा रंगवताना कोपर टेबलावर टेकवा. ब्रश स्थिर धरून बोटच फिरवलं तरी चालतं. जेल नेलपेंटच्या वाटेला मात्र घरी जाऊ नये. ते वाळत नाही, अतिनील दिव्याखाली त्याची रासायनिक जोडणी होते. अर्धवट जुळलेलं जेल कातडीला लागलं तर त्यातल्या ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी होऊ शकते आणि ती सहसा जन्माची सोबत करते. शिवाय ते सोमवारच्या आत निघत नाही.

सोमवार हा आपल्यातल्या बहुतेकांचा खरा प्रश्न. काजळ साबणाने निघत नाही कारण ते मेणात-तेलात बांधलेलं असतं. आधी खोबरेल, मग साबण. नखांसाठी ॲसिटोनचा, म्हणजे रिमूव्हरचा, बोळा लगेच फरफटू नका. दहा सेकंद नखावर दाबून धरा, पापुद्रा विरघळू द्या, मग मुळापासून टोकाकडे एकदाच ओढा. पुढे-मागे घासलं की तोच लाल रस कातडीच्या खाचेत शिरतो. देवघरातली समई किंवा गॅस जवळ पेटलेला नको, ॲसिटोनची वाफ पटकन भडकते. नखं पांढरट पडली तर घाबरू नका, ती कोरडी झालीत. खोबरेल चोळलं की रंग परत येतो.

शेवटी अगरबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून, ॲसिटोनमध्ये बुडवून, प्रत्येक नखाच्या कडेची खाच पुसून घ्यावी. उजव्या अंगठ्याची दोनदा. कॉलेजात हजेरीच्या यंत्रावर मी तोच टेकवतो, आणि मागे रांग असते.