तिथीची पाऊणपट

एफवायला असताना पौष पौर्णिमेला आम्ही पाच जण मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर गेलो होतो. संध्याकाळचे सहा वाजले होते. समुद्र इतका आत गेला होता, की एरवी बुडालेल्या कातळांवरून चालत थेट टोकाचा खडक गाठला. सातला कुणीतरी पाण्याकडे पाहिलं. तासाभरात दीडेक वीत चढलं होतं. ‘म्हणजे नऊपर्यंत साडेचार वीत. बसा निवांत,’ हा हिशेब माझा. सगळ्यांना पटला. कॉमर्सची पोरं, त्रैराशिक पक्कं.

समुद्राला मात्र त्रैराशिक येत नाही. भरतीचं पाणी झोक्यासारखं हलतं: टोकाला रेंगाळतं, मधे धावतं, पुन्हा टोकाला मंदावतं. दर्यावर्दी लोक सहा तासांच्या चढाचे ढोबळमानाने बारा भाग धरतात. पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. मुंबईत उधाणाला ओहोटी-भरतीतला फरक चार मीटरच्या आसपास असतो. म्हणजे पहिल्या तासात ३३ सेंटिमीटर, दुसऱ्यात ६७ आणि तिसऱ्यात अख्खा एक मीटर. माझ्या हिशेबाने नऊ वाजता पाणी मीटरभर चढणार होतं. प्रत्यक्षात दोन मीटर.

त्यात खडक काही किनाऱ्यापासून सरळ उतरत गेलेले नसतात. आपण समोरच्या लाटा बघत बसतो आणि पाणी आधी भरतं ते मागच्या सखल घळीत, जिच्यातून परतायचं असतं. तिथल्या शेवाळावर पाय ठरत नाही तो नाहीच.

हे आधी कळलं असतं? भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही कळलं असतं. कोकण किनाऱ्यावर जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. ओहोटी त्यापुढे सहा तासांनी. यामागचं गणित सुरेख आहे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो आणि तेवढं फिरायला पृथ्वीला ४८ मिनिटं लागतात. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात, म्हणून पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. तिथे बारा धरायचे. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून.

आता पौर्णिमेचंच बघा. भरती बारा वाजता, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाला. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत, म्हणून उधाण. अष्टमीच्या भांगाच्या भरतीसारखा सौम्य प्रकार नाही. खडक सगळ्यात जास्त उघडे पडतात ते नेमके सूर्यास्ताला आणि पुढचा चढ सगळा अंधारात. इतकी फसवी वेळ शोधूनही सापडायची नाही.

पाचातल्या एकालाही शंका आली नसेल? मला आली होती, पण बोललो नाही. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ दिला, कधी एकट्याने, कधी मित्रांसमोर. मित्र बघत असताना किशोरांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, तरुणांनीही बराच. प्रौढांना बघणाऱ्यांमुळे जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आम्ही अठराचे होतो आणि प्रेक्षक चार.

उठली ती आमच्यातली एक मैत्रीण. तिला भरती-ओहोटीतलं काहीही कळत नव्हतं. साडेसातला निघायचं असं तिने घरी सांगितलं होतं, एवढंच. तिला एकटीला सोडायचं कसं, म्हणून कुरकुरत सगळेच निघालो. घळीत पाणी गुडघ्याच्या वर होतं, जाताना तिथे चपलाही भिजल्या नव्हत्या. रस्त्यावर येऊन तिला बसमध्ये बसवलं आणि ‘घाबरट’ म्हणून चिडवलंसुद्धा. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा आम्ही ‘आपल्याला समुद्र कळतो’ याचा पुरावा म्हणून सांगायचो.

पावणेनऊला कठड्यावर शेंगदाणे खाताना चांदण्यात आमचा खडक शोधला. तिथे नुसता फेस होता.