मुंबई–लंडन: हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ

मुंबई ते लंडन हीथ्रो हे अंतर साधारण 7,200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरला तर 8 तास होतात. तिकिटावर मात्र 10 तासांच्या आसपासचा आकडा असतो, आणि उड्डाणाआधी कॅप्टन सांगतो सव्वानऊ. मग खरं काय?

7,200 हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजावं तसं सर्वांत जवळचं अंतर आहे. हा दोरा कराची, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. असा वळसा पडला की प्रत्यक्ष उडालेलं अंतर वाढतं.

कॅप्टन सांगतो तो हवेतला वेळ: चाकांनी धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम: विमान गेटवरून मागे ढकललं गेल्यापासून पार्किंगला थांबेपर्यंतचा. फरक पडतो तो जमिनीवरच्या टॅक्सीचा, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांमध्ये विमान चाकांवर चालतं त्या वेळेचा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीत रांग लागते. दोन्ही विमानतळांवर मिळून अर्धा-पाऊण तास सहज जातो. हीथ्रोवर उतरण्याआधी बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकहॅम किंवा बिगिन या थांबण्याच्या ठरलेल्या ठिकाणी घिरट्या घालाव्या लागल्या, तर ती मिनिटं मात्र हवेतल्या वेळात धरली जातात.

त्यात वारा. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते आणि हिवाळ्यात जोर धरते. समोरून सरासरी ताशी 80 किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग 820 उरतो आणि 7,200 किलोमीटरला 8 तास 47 मिनिटं लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असतो: वेग 980, वेळ 7 तास 21 मिनिटं. अंतर तेच असून जवळजवळ दीड तासाचा फरक पडतो. म्हणून जाण्याच्या वेळेवरून परतीचा अंदाज बांधू नये.

सर्वांत जास्त घोळ घड्याळाचा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 2 ला निघून लंडनला संध्याकाळी 6:30 ला पोहोचणारा प्रवास साडेचार तासांचा नसतो. त्यात दोन्हीकडच्या घड्याळांतला 5:30 तासांचा फरक मिळवा, 10 तास होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनचं घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा 4:30 मिळवायचे. परतीला हाच फरक वजा करायचा: हिवाळ्यात रात्री 10 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12:30 ला मुंबई, म्हणजे 9 तास.

पुढचं विमान पकडायचं असेल तर ब्लॉक टाइमच धरा. सीटसमोरच्या पडद्यावर उरलेला वेळ दिसतो तो बहुधा उतरेपर्यंतचाच. त्यापुढे टॅक्सी, दार उघडणं आणि सुरक्षा तपासणी बाकी असते.